शेवग्याची पावडर म्हणजे वर्षाची चटणी नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळतं अशी बातमी आली होती. बातमी चांगली होती, आमच्या गल्लीतल्या चार जणींनी कात्रण काढून ठेवलंय. पण शेवटी एक ओळ होती, की बियांची पावडर करून हवाबंद डब्यात भरून ठेवा, वर्षभर वापरा. त्या एका ओळीपायी हे पत्र लिहितेय. राहवलंच नाही बघा.

मी काही शास्त्रज्ञ नाही. कसबा बावड्यात आमचा डंक आहे, मिरची-मसाला कुटायचा. मार्च ते मे आमच्याकडं उभं राहायला जागा नसते, ब्याडगी, संकेश्वरी, जवारी, ज्याची त्याची आवड आणि ज्याचं त्याचं प्रमाण, दिवसभर ठसका आणि नाकाला पदर. बावीस वर्षं हेच करतेय. त्यामुळं कुटलेली वस्तू किती टिकते आणि न कुटलेली किती टिकते एवढं तरी मला कळतंय असं मी समजत होते, पण या शेवग्यानं मलाही गंडवलं.

झालं असं. गेल्या वर्षी एप्रिलात आमच्या भागातल्या एका मंडळाची पोरं आली, मंडळाचं नाव कशाला घेऊ, पोरं मनानं चांगली आहेत. म्हणाली काकू, पुराच्या दिवसात लोकांना पाणी निवळायला शेवग्याची पावडर वाटायची आहे, मोबाईलवर बघितलंय, एवढं बी कुटून द्या की. अठरा किलो बी होतं. मी एक पैसा घेतला नाही. कारण पूर म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायला नको, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आमच्या बावड्यातच आहे, ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे इथल्या पहिलीतल्या पोराला पण पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटाच्या वर गेलं होतं. तेव्हा उपसा केंद्रंच पाण्यात बुडाली आणि शहराच्या नळाला थेंब नाही, चारी बाजूला पाणीच पाणी आणि आम्ही घागरी घेऊन टँकरची वाट बघतोय. आता काळम्मावाडी धरणातनं थेट पाईपलाईन झाली, पण पाईपलाईन शहराला, नदीकाठच्या खेड्यातल्या विहिरींचं आणि बोअरचं काय, पूर ओसरला की आठ-दहा दिवस तिथलं पाणी चहासारखं असतं.

तर मी कुटून दिलं. आता हे कुटणं सोपं नाही हं. शेवग्याच्या बीला वरनं तपकिरी टरफल आणि तीन पापुद्रे असतात, ते काढून आत पांढरा गर असतो, त्या गराचा तिसरा हिस्सा तरी तेलच असेल. डंकात घातलं की तळाला चिकटून बसतं, चिक्की केल्यासारखं, सारखं खरवडायला लागतं. तेव्हाच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं की ही मिरची नाही, हे शेंगदाण्याच्या जातीचं काम आहे. पण घाईत होते, मिरचीचा सीझन, मागं पंचवीस बायकांची रांग.

पोरांनी छान पॅकेटं केली. वरती अध्यक्ष, उपाध्यक्ष, मार्गदर्शक आणि आधारस्तंभ सगळ्यांचे फोटो. कुटल्याची तारीख मात्र कुठंच नाही, तारखेला जागाच उरली नव्हती. गेल्या पावसाळ्यात थोडी वाटली, बाकीची दोन पोती मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीच्या सामानाबरोबर ठेवली आणि यंदा जूनमध्ये तीच बाहेर काढून परत वाटली.

माझी नणंद प्रयाग चिखलीला दिलेली आहे. तिलाही दोन पॅकेटं मिळाली. पहिला मोठा पाऊस झाला, आडाचं पाणी लाल झालं, तिनं सांगितल्याप्रमाणं पावडर घातली, ढवळलं, दोन तास थांबली. पाणी जसंच्या तसं. वर पांढरा फेस आणि खवट वास. तिनं मला फोन केला, वहिनी, तुमच्या डंकातली पावडर बाद निघाली की हो. म्हणजे बघा, बी मंडळाचं, पॅकेट मंडळाचं, फोटो सगळ्यांचे आणि बाद कोण तर माझा डंक.

मग मी ठरवलं की हे काय प्रकरण आहे ते बघायचंच. माझी पोरगी एमेस्सी करतेय, पर्यावरण विषय घेऊन, तिला घेतलं जोडीला. लोणच्याच्या पाच काचेच्या बरण्या घेतल्या, सगळ्या एका मापाच्या, आणि बंधाऱ्याजवळनं एक कळशी गढूळ पाणी आणलं. पहिल्या बरणीत काहीच घातलं नाही. दुसरीत गेल्या वर्षीची पॅकेटातली पावडर. तिसरीत आमच्याच परड्यातल्या शेवग्याच्या यंदा मे महिन्यात वाळलेल्या शेंगांचं बी, त्याच दिवशी सोलून खलबत्त्यात कुटून. चौथीत गेल्या वर्षीचंच बी, पण टरफलासकट राहिलेलं, मंडळाच्या पोत्यातलं एक-दोन मुठी माझ्याकडं सांडलेलं होतं ते, तेही त्याच दिवशी सोललं. पाचवीत मीच गेल्या वर्षी हौसेनं एका काचेच्या डबीत घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलेली पावडर, मला वाटलं होतं फ्रीजमधली तरी ताजी असेल.

तासाभरानं तिसऱ्या बरणीच्या तळाला बोटभर गाळ बसला आणि वरचं पाणी एवढं निवळलं की बरणीच्या पलीकडं तुमचा पेपर धरला तर मथळा सोडाच, खालची बारीक बातमी पण वाचता आली. पॅकेटवाल्या बरणीत आणि काहीच न घातलेल्या बरणीत मला तरी काही फरक दिसला नाही, पोरगी म्हणते थोडा आहे. चौथी मधल्यामध्ये, मथळा वाचता येतोय पण खालचं नाही. आणि फ्रीजवाली? पॅकेटवालीच्याच पंगतीत. मला फ्रीजचं फार वाईट वाटलं.

हा स्वयंपाकघरातला प्रयोग झाला, लॅबमधला नाही, चमच्यानं माप घेतलंय, हे कबूल. पण पोरीनं मग तिच्या अभ्यासातनं शोधून काढलं, तर मलेशियातल्या संशोधकांनी हेच नीट मोजून बघितलेलं आहे, २००६ साली छापून आलंय. त्यांनी शेवग्याचं बी काही उघड्या भांड्यात ठेवलं काही बंद, काही २८ डिग्रीला खोलीत आणि काही ३ डिग्रीला फ्रीजमध्ये, आणि एक महिना, तीन महिने, पाच महिने असं थांबून प्रत्येक वेळी गढूळ पाण्यावर वापरून बघितलं. एक महिन्याचं सगळ्यात चांगलं चाललं, तीन आणि पाच महिन्यांचं त्याच्यापेक्षा कमी. आणि गंमत म्हणजे डबा उघडा का बंद, खोली का फ्रीज, यानं म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. फरक पडला तो फक्त किती महिने झाले यानं. म्हणजे तुमच्या बातमीतला हवाबंद डबा इथं कामाचा नाही साहेब, इथं कामाची आहे ती तारीख.

हे असं का होतं ते मला पोरीनं सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. गढूळ पाण्यातले मातीचे बारीक कण सगळे उणे चार्जचे असतात म्हणे, म्हणून एकमेकांना ढकलत राहतात आणि तळाला बसतच नाहीत, कितीही वेळ ठेवा. शेवग्याच्या गरात एक पाण्यात विरघळणारं प्रोटीन असतं ते अधिक चार्जचं. ते पाण्यात गेलं की कण त्याला चिकटतात, कणाला कण लागून गठळ्या होतात आणि जड होऊन खाली बसतात. तुरटी पण असंच काम करते. पण तुरटी म्हणजे खडा, क्षार, आमच्या सासूबाईंच्या फडताळात वीस वर्षं पडलेला खडा आजही फिरवला तर पाणी निवळतं. बी ही जिवंत वस्तू. त्यातलं प्रोटीन म्हातारं होतं, तेल खवट होतं, आणि कुटून ठेवलं तर हवा लागायला सगळीकडनं वाट मोकळी. शेंगदाण्याची शेंग पोत्यात वर्ष काढते, दाणे डब्यात काही महिने, आणि कूट श्रावणातल्या दमट हवेत पंधरा दिवसांत वास मारायला लागतं, हे कुठल्याही बाईला विचारा. मग आपली चटणी, म्हणजे वर्षाचं कुटलेलं तिखट, का टिकते असं मला एकीनं विचारलं. तर चटणीत मीठ असतंय, बरणीत हिंगाचे खडे असतात, मिरची कडक उन्हात वाळवलेली असते, आणि मुख्य म्हणजे चटणीकडनं आपल्याला फक्त तिखटपणा पाहिजे असतो. ती थोडी उतरली तर आपण अर्धा चमचा जास्त घालतो. शेवग्याला तसं करता येत नाही. उतरलेली पावडर जास्त घातली तर पाण्यात नुसता घाणेरडा चोथा वाढतो, आणि ताजी गरजेपेक्षा जास्त घातली तरी पाणी परत गढूळ राहतं, कण उलट्या चार्जचे होऊन परत एकमेकांना ढकलतात म्हणे.

आता टरफलासकट ठेवलेलं बी सुद्धा कायम टिकतं असं मी म्हणत नाही, माझ्या चौथ्या बरणीनंच ते दाखवलं. पण आपल्याकडं निसर्गानंच वेळ जुळवून दिलीय, ती कुणाच्या लक्षात येत नाही. शेवग्याच्या शेंगा झाडावर वाळून तडकतात त्या साधारण एप्रिल-मे महिन्यात, आणि पाणी गढूळ होतं जून ते सप्टेंबर. म्हणजे ताजं बी आणि गढूळ पाणी दोन्ही एकाच वेळी दारात. मग मधे पावडर, पॅकेट, पोतं आणि गणपतीचा हॉल कशाला? सगळ्या शेंगा आमटीत न घालता झाडाच्या शेंड्याच्या पंधरा-वीस शेंगा तशाच वाळू द्यायच्या, तशाही त्या हाताला येत नाहीत. वाळल्या की शेंगेसकटच सुतळीनं बांधून कोरड्या जागी टांगून ठेवायच्या, लागेल तशी शेंग फोडायची. बी हातात घेतल्यावर दाबून बघायचं, गर पांढरा आणि कडक पाहिजे, पिवळा पडलेला, मऊ, बुरशी आलेला किंवा खवट वासाचा असेल तर सरळ टाकून द्यायचा.

वापरायचं कसं तेही लिहिते कारण पॅकेटवर फक्त एक चमचा एवढंच होतं. चमचा कुठला, चहाचा का आमटीचा? साधारण हिशोब असा की खूप लालभडक पाणी असेल तर लिटरला दोन बिया, मध्यम गढूळ असेल तर लिटरला एक नाहीतर दोन लिटरला एक, थोडंच गढूळ असेल तर चार लिटरला एक पुरते. बिया सोलायच्या, गर बारीक कुटायचा, वाटीभर स्वच्छ पाण्यात कालवून पाचेक मिनिटं हलवायचं, फडक्यातनं गाळायचं. जे दुधासारखं पाणी निघेल ते गढूळ पाण्यात ओतून पहिलं मिनिटभर जोरात ढवळायचं आणि मग पाच-दहा मिनिटं अगदी हळू, बाळाला झोका दिल्यासारखं. मग तासभर हात लावायचा नाही. हे दूध करून ठेवायचं नाही, सकाळचं सकाळी वापरायचं, दुसऱ्या दिवशी ते नासतं.

आणि हो, निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. तुमच्या बातमीत मथळ्यातच शुद्ध शब्द आहे. गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात हे खरं, पण सगळे जात नाहीत, आणि बियांमधला चोथा-प्रोटीन पाण्यात उरतं, ते उरलेल्या जंतूंना खाऊ होतं. म्हणून वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून, गाळून, उकळूनच प्यायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. उकळायला गॅस नसेल तर मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनचे, थेंब, पण निवळून गाळल्यावर, गढूळ असताना नाही, कारण क्लोरीन निम्मं त्या घाणीतच खर्च होतं.

क्लोरीनवरनं आठवलं. आमच्या नणंदेच्या गावात पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात. तिथला जलसुरक्षक सांगत होता की टीसीएलचं पोतं नवीन असताना त्यात तेहतीस टक्क्याच्या आसपास क्लोरीन असतं, पडून राहिलं, ओल लागली की ते उडून जातं आणि वीस टक्क्यांच्या खाली गेलं की ते पोतं वापरायचं नाही. त्याचा नमुना तपासायला जातो, टाकीच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट होते. म्हणजे सरकारी कामात सुद्धा पावडर जुनी होते हे मान्य आहे, त्याची तपासणी आहे. मग लोकांच्या भल्यासाठी वाटलेल्या शेवग्याच्या पॅकेटावर निदान कुटल्याची तारीख तरी नको का? बिस्किटाच्या पाच रुपयाच्या पुड्यावर असते.

जाता जाता एक. काही जण म्हणतात आपल्याकडं शेवग्याच्या आधी निवळी होती, संस्कृतात जिला कतक म्हणतात. खरं आहे, आमच्या आजेसासूबाई मातीच्या माठाला आतनं निवळीची बी घासायच्या, मी लग्न होऊन आले तेव्हा तो माठ होता, बी संपलेली होती. जुन्या संस्कृत श्लोकात असं पण आहे म्हणे, की कतकाच्या फळानं पाणी निवळत असलं तरी नुसतं त्याचं नाव घेतल्यानं निवळत नाही. पोरीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला मंडळाच्या पॅकेटवरचे फोटो आठवले. पण निवळी काजऱ्याच्या कुळातली आहे आणि काजरा म्हणजे जहाल विष, बिया दोन्हीच्या गोलसर, तेव्हा ओळख पक्की नसेल तर काष्ठौषधीच्या दुकानातनं आणून प्रयोग करू नका, शेवगाच बरा. शेवग्यानं पाणी निवळायचं सुदानातल्या नाईलकाठच्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्यात, सामिया अल अझारिया जान नावाच्या बाईंनी तिथं राहून त्याचा नीट अभ्यास केला. आमच्याकडं शेवगा दारात आणि अक्कल मोबाईलमधनं.

मंडळाच्या पोरांना मी बोलावून बरण्या दाखवल्या. आधी हसली, मग गप्प झाली. त्यातला एकजण म्हणाला काकू, पण मग उरलेल्या दीड पोत्याचं काय करायचं? म्हणलं माझ्याकडं आणू नका, परड्यात नारळाच्या आळ्यात घाला. यंदा त्यांनी भागातल्या शेवग्याच्या झाडांची यादी केलीय, एकवीस झाडं निघाली, आणि पुढच्या मे महिन्यात पावडर न वाटता चार-चार वाळक्या शेंगांची जुडी वाटायची असं चाललंय. वर चिठ्ठी बांधणार, कधी काढली आणि किती बियांना किती पाणी ते लिहून. फोटोला जागा राहील का यावर अजून मीटिंग चालू आहे.

तुमच्या बातमीदाराला माझं एवढंच सांगणं आहे की ती वर्षभरवाली ओळ दुरुस्त करून छापा, पहिल्या पानावर नको, जिथं होती तिथंच चालेल, पण पूर यायच्या आत छापा. आणि पाहिजे असेल तर या एकदा बावड्यात, आमच्या झाडाच्या वाळक्या शेंगा अजून चार-पाच टांगलेल्या आहेत, बरणी भरून दाखवते. सोमवारी डंक बंद असतो.

आपली,
एक डंकवाली काकू
कसबा बावडा, कोल्हापूर